बागवानाच्या पाटीतलं सीताफळ

काही गावांच्या नावाला फळं चिकटलेली असतात. नागपूर म्हटलं की संत्रं, जळगाव म्हटलं की केळी, पुरंदर म्हटलं की अंजीर. देवगड-रत्नागिरीचं तर बोलायलाच नको. अमेरिकेतलं जॉर्जिया हे राज्य स्वतःला ‘पीच स्टेट’ म्हणवून घेतं, मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा पीच छापतं. गंमत अशी की पीचचं पीक कॅलिफोर्नियात कितीतरी जास्त निघतं, आणि शेजारचं साउथ कॅरोलिनाही जॉर्जियाच्या पुढं आहे. पण प्रेमाला हिशेब कुठं लागतो? या पीचला मराठीत सप्ताळू असा शब्द आहे. तो आला फारसीतल्या शफ्तालूवरून. युरोपातल्या विद्वानांनी या फळाला लॅटिन नाव दिलं तेही पर्शियाचं, म्हणजे इराणचं. आणि झाड मूळचं चीनचं. म्हणजे फळ एकीकडचं, नाव दुसरीकडचं आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसं तिसरीकडची.

मी परभणी जिल्ह्यातल्या, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा. आमच्याकडं सप्ताळू होत नाही. मला आज बोलायचंय ते सीताफळाबद्दल. पण त्याचीही गोष्ट सप्ताळूसारखीच आहे, म्हणून ही प्रस्तावना.

आमच्या गावात बाहेरची माणसं येतात ती दगड पाहायला. यादवकाळातली देवळं, कोरीव खांब आणि तो उंच, एकाकी उभा असलेला स्तंभ. अभ्यासक येतात, मोजमापं घेतात, फोटो काढतात. लहानपणी आम्ही पोरं त्या नक्षीत सीताफळ शोधायचो. खवल्याखवल्यांचं काही गोल दिसलं की एकानं ओरडायचं, ‘हे बघ सीताफळ!’ दुसऱ्यानं म्हणायचं, ‘हट, कमळ आहे ते!’ या भांडणाकडं मी पुन्हा येणार आहे, कारण हेच भांडण पुढं मला मोठमोठ्या पंडितांच्या पुस्तकांत सापडलं.

आमचं घराणं बागवानाचं. बागवान म्हणजे बाग राखणारा. पण माझ्या माहितीतल्या पिढ्यांत कुणाच्याही नावावर बाग नव्हती. दुसऱ्याच्या झाडाचं फळ घ्यायचं आणि तिसऱ्याच्या दारात विकायचं, हा धंदा. आंबा, पेरू, बोरं, जांभळं, ज्या दिवसांत जे येईल ते. त्यात सीताफळाचे दिवस वेगळे. कारण आंब्याला मालक असे, पेरूला राखण असे. सीताफळ डोंगराचं. अजिंठ्याच्या रांगेचे जे फाटे जिंतूरकडं उतरतात, त्यांच्या मुरमाड उतारांवर ती झाडं कुणी लावली नव्हती आणि कुणी पाणीही घातलं नव्हतं.

दसऱ्याच्या आगेमागे तांड्यावरच्या लमाण बाया पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन खाली उतरत. अब्बा त्यांना याडी म्हणत. गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. त्या अब्बांना बागवानभाऊ म्हणत. एवढं नातं जोडून झालं की मग भावावरून भांडण सुरू होई! माल शेकड्यावर जाई. शेकडा म्हणजे पुरे शंभर नव्हेत, वर काही फळं आलीच पाहिजेत. अब्बा दहा वर मागत, याडी पाच देई. शेवटी सातावर तुटे आणि याडी उठता उठता पोरासाठी म्हणून एक माझ्या हातात ठेवी. ते मोजणीत धरायचं नाही, असा कायदा होता.

अब्बांची खरी विद्या पुढं होती. सीताफळ झाडावर पिकू दिलं तर पाखरं, खारी आणि वटवाघळं त्याचा फडशा पाडतात. कोवळं तोडलं तर ते पिकतच नाही, काळं पडून दगड होतं. या दोन्हींच्या मध्ये दोन-चार दिवस असतात. तेव्हा खवल्यांमधल्या फटी रुंदावतात आणि त्यांत पांढुरका-पिवळसर रंग दिसू लागतो. यालाच डोळे उघडणं म्हणतात. आमच्या घरातल्या दखनीत अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला, “आँखाँ खुले क्या देख.” मी पाटीतलं एकेक फळ उजेडात धरून बघायचो. डोळे उघडलेलं एकीकडं, मिटलेलं दुसरीकडं, अर्धवट तिसरीकडं. मग घरात कडब्याच्या पाचटाची अढी घालायची. दुसऱ्या दिवसापासून घरभर तो गोड, किंचित आंबूस वास. अब्बा अंधारातसुद्धा नुसत्या बोटानं सांगत, हे आज विकायचं, हे उद्या, आणि हे पोरांना दे. बागवानाच्या घरातली पोरं नेहमी फुटकं फळ खाऊन वाढतात. माझं मत विचाराल तर फुटकंच सगळ्यांत गोड असतं.

या फळाचा सगळा इतिहास त्याच्या या नाशवंतपणानं घडवला आहे. सकाळी कडक, संध्याकाळी मऊ, दुसऱ्या सकाळी काळं. आंब्यासारखं ते राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून दूरदेशी जाऊ शकलं नाही. ते जिथं पिकलं तिथल्याच लोकांनी खाल्लं. आणि ज्या डोंगरांवर ते पिकलं तिथले लोक बखरी लिहिणारे नव्हते.

आमच्या दादांच्या काळात म्हणजे निजामाच्या राज्यात थोडा बदल झाला. १९०० सालाच्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडं जाणारी मीटरगेज रेल्वे सुरू झाली. सेलू, परभणी, नांदेड ही स्टेशनं हैदराबादला जोडली गेली. दादा बैलगाडीनं सेलूला माल नेत आणि गवतात रचलेले हारे रेल्वेत चढवत. दादा सांगत, फळ इथून कच्चं निघायचं आणि काचीगुड्याला पिकून उतरायचं. हैदराबादच्या लोकांना या फळाचं भारी वेड. त्यांच्याकडं तेलंगणातल्या बालानगर भागाचंही सीताफळ येई. ‘बालानगर’ ही जात आज महाराष्ट्रातल्या बागांतही ओळखीची आहे.

आता नावाकडं वळतो. आमच्या घरात मातृभाषा दखनी, पण सीताफळाला सीताफळच म्हणायचे. हैदराबादचे नवाबही सीताफलच म्हणत. उत्तरेकडच्या उर्दूत मात्र त्याला शरीफा म्हणतात. शरीफ म्हणजे सज्जन, खानदानी. मी पहिल्यांदा दिल्लीला एका कार्यक्रमाला गेलो तेव्हा जेवणाच्या वेळी वाढप्यानं विचारलं, “सीताफल लेंगे?” मी खूश झालो. म्हटलं, माणूस गोडापासून सुरुवात करतोय. ताटात पडली भोपळ्याची भाजी! दिल्लीकडं लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात. मी मुकाट्यानं ती खाल्ली आणि त्या रात्री ठरवलं की या नावाचा छडा लावायचा.

छडा लावता लावता मी कुठल्याकुठं गेलो. वनस्पतिशास्त्र सांगतं की या झाडाचा कुळपुरुष अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, वेस्ट इंडीज आणि त्याच्या आसपासचा. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला, त्यानंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांतून ते इकडं आलं असावं. पुरावा काय? एक पुरावा नावातच आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात या फळाला ‘आता’ म्हणतात. बंगालीतही ते ‘आता’च आहे. गोव्यातल्या कोकणीत ‘आतेर’. आणि रामफळाला गोव्यात ‘अनोना’ म्हणतात, जे तिकडचंच नाव. म्हणजे जिथं जहाज लागलं तिथं फळाबरोबर नावही उतरलं. पण घाट चढून फळ दख्खनच्या डोंगरांत आलं तेव्हा नाव खालीच राहिलं. वर बायकांनी त्याला नवं नाव दिलं. वनवासात सीतामाईनं हे फळ रामाला दिलं म्हणून ते सीताफळ, असं आमच्या गावात जात्यावर बसणाऱ्या बाया सांगत. मग रामनवमीच्या दिवसांत पिकणारा त्याचा भाऊबंद तो रामफळ. आणि एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून लक्ष्मणफळ, हनुमानफळही आलं. अख्खं कुटुंब वसवलं! काहींच्या मते हा शब्द मुळात शीतफळ, म्हणजे थंड फळ. असेल. मला जात्यावरची व्युत्पत्ती जास्त पटते.

दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही हेच केलेलं दिसतं. ब्राझीलमध्येच त्याचं आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ होतो ‘सरदाराचं फळ’. आपल्या शरीफाच्या अगदी जवळचं. इजिप्तमध्ये त्याला किश्ता म्हणतात, म्हणजे साय. आणि तैवानमध्ये त्याचं नाव आहे शाक्य! बुद्धाच्या मूर्तीच्या डोक्यावर केसांच्या ज्या गोल गोल गाठी असतात, तसं हे फळ दिसतं म्हणून. तैवानच्या तैतुंग भागात त्याच्या मोठ्या बागा आहेत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चीननं कीड सापडल्याचं कारण देऊन ही आयात बंद केली, तेव्हा तिथले बागाईतदार हवालदिल झाले होते. एक फळ, कुठं सीता, कुठं शाक्यमुनी, कुठं शरीफ. ज्या घरी गेलं त्या घरातल्या सगळ्यांत आदराच्या माणसाचं नाव त्याला मिळालं.

आता ते स्तंभाजवळचं आमचं भांडण. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम नावाचे एक इंग्रज सेनाधिकारी होते, भारतीय पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष त्यांनी १८७३-७४ च्या सुमारास उजेडात आणले आणि १८७९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नक्षीत त्यांना सीताफळ दिसलं. शिवाय त्यांचा एक तर्क असा, की ज्या फळांना राम-सीतेची नावं आहेत आणि जी रानावनात मोकाट उगवतात, ती परकी कशी असतील? त्यावर स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या मूळस्थानांवरच्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा खल करून अमेरिकेचा पक्ष घेतला. झाड मोकाट वाढतं म्हणून ते तिथलंच असं ठरत नाही, आणि दगडावरचं खवल्यांचं फळ दुसरंही काही असू शकतं. म्हणजे एक म्हणतो सीताफळ, दुसरा म्हणतो हट. आम्ही पोरं काही फार चुकत नव्हतो.

मी पंडित नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण बागवानाच्या पोराला साक्ष तपासायची एक साधी रीत ठाऊक असते. ज्याला फळांची आवड आहे त्याला विचारायचं. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला येऊन गेला. तिथल्या द्राक्षं-डाळिंबांचं त्यानं कौतुक केलं, वर्षातून दोनदा बहर येतो म्हणून लिहिलं. हिंदुस्थानातला आंबा, फणस, जांभूळ, मोह, सगळं त्यानं नोंदवलं. सीताफळ नाही. त्यानंतर सोळाव्या शतकात बाबर बादशहा आला. मायदेशाची खरबुजं आणि द्राक्षं आठवून झुरणारा हा माणूस. त्यानं आपल्या आत्मचरित्रात इथल्या फळांची लांबलचक यादी केली, करवंद-आवळा-चारोळीसुद्धा सोडली नाही. तो फिरला उत्तरेत, हे खरं. पण त्याच्याही यादीत सीताफळ नाही. आज तुम्ही दौलताबादला गेलात तर किल्ल्याच्या परिसरातला डोंगर सीताफळांनी भरलेला दिसतो, रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या मांडून बसलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटावं, यादवांच्या आधीपासून हे झाड इथंच आहे. इब्न बतूतानं हे फळ खाल्लं असतं आणि त्याबद्दल गप्प बसला असता, हे मला पटत नाही.

तरी गाठ पुरती सुटलेली नाही. उत्तर प्रदेशात मिर्झापूरकडं टोकवा नावाचं एक प्राचीन वसाहतीचं ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात सीताफळाचं जळकं बी सापडल्याचं लखनौच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याचं वय निघालं इसवी सनापूर्वी सुमारे १५०० वर्षं. बहुतेक शास्त्रज्ञ अजून पोर्तुगीजांच्याच बाजूला आहेत. एका बियेवर इतिहास फिरवायचा का, असा प्रश्न आहेच. पण मला त्या बियेची गंमत वाटते. कुणीतरी साडेतीन हजार वर्षांपूर्वी फळ खाऊन बी चुलीकडं थुंकली असेल. आमच्या अम्मीला ते मुळीच आवडलं नसतं. ती म्हणायची, बी चुलीत टाकू नका, कुंपणाला टाका.

कुंपणाला टाकलेली बी उगवते याला कारण आहे. सीताफळाचा पाला शेळी खात नाही. गाय-म्हैसही तोंड लावत नाही. पानात आणि बियांत एक कडू विष असतं. बिया वाटून बायका डोक्यातल्या उवा मारायला लावत, पण तो लेप डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततं. असले प्रयोग कुणी करू नयेत. जिथं शेळ्यांनी सगळं ओरबाडून नेलं, कुऱ्हाडीनं उरलेलं नेलं, त्या उघड्या उतारावर शेवटी हे झाड टिकतं. उन्हाळ्यात पानं गाळून मेल्यासारखं उभं राहतं आणि पावसाच्या सरीबरोबर पालवतं. दख्खनमध्ये दुष्काळात गरिबांनी या फळावर दिवस काढले, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वनस्पतिग्रंथांत आहेत. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा छप्पन्नाचा. या दुष्काळांत कोण कुठं मेलं याची गावात नोंद नाही. कोण कशावर जगलं याची तर नाहीच नाही.

१९७२ चा दुष्काळ मात्र अम्मीनं पाहिला होता. तेव्हा ती नव्यानं नांदायला आलेली. अब्बांचा धंदा बंद, कारण विकायला फळ नाही आणि घ्यायला पैसा नाही. दोघंही खडी फोडायला जात. सुकडी मिळे, मिलो नावाच्या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकर मिळे. ती गरम असेपर्यंत खायची, गार झाली की चावत नसे. अम्मी सांगायची, त्या वर्षी डोंगरावर सीताफळं आली होती, पण लिंबाएवढी. बी जास्त, गर कमी. कामावरून येताना बाया ओटीत भरून आणत. “एका सीताफळाला एवढ्या बिया कशाला रे अल्लानं दिल्या,” असं ती म्हणायची. मग स्वतःच उत्तर द्यायची, “माणूस सावकाश खावा म्हणून. भूक लागली की माणूस घाई करतो.” त्याच १९७२ सालच्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. अम्मीला त्याचा पत्ता नव्हता. तिचं कृषीशास्त्र ओटीत होतं.

चारठाण्याच्या कब्रस्तानातही सीताफळं होती. शेळ्या घुसल्या तरी त्यांना नुकसान नाही, आणि खाणारा माणूस तिथं सहसा जात नाही, म्हणून दाट माजलेली. दरवर्षी पोळ्यानंतर त्यांचा हर्रास होई. आलेल्या पैशांतून मशिदीचं दिवाबत्तीचं आणि रंगसफेदीचं भागे. बोली लावायला गावातला कुणीही येई. दोन-तीन वर्षं अब्बांनीच तो हर्रास घेतला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाच फळं मांडतात, त्यात सीताफळ लागतंच. शेजारच्या गल्लीतली एक मावशी दरवर्षी अब्बांना बजावून सांगे, “बागवानभाऊ, आमच्या पूजेला डोंगराची नको, तुमच्या कब्रस्तानातलीच दे. ती मोठी असतात.” अब्बा पाटीच्या तळाशी तिची पाच वेगळी ठेवत. मला त्यात तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांनाही वाटलं नव्हतं.

मग बागा आल्या. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारनं रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. कोरडवाहू जमिनीत बोर, आवळा, सीताफळ लावायला मदत मिळू लागली आणि डोंगरचं झाड प्रथमच शेतात ओळीनं उभं राहिलं. छाटणी, बहार धरणं, पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त, असे शब्द त्याच्या भोवती जमले. या झाडाचं फूलही तऱ्हेवाईक. आधी ते मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळं स्वतःचं परागीभवन त्याला नीट जमत नाही. एखाद्या बारक्या भुंगेऱ्यानं कृपा केली तर फळ धरतं. तैवानात माणसं ब्रशनं पराग लावत फिरतात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी ‘एनएमके-१ गोल्डन’ ही जात काढली, मोठं फळ, बिया कमी, टिकायला चांगलं. ती दूरदूरच्या राज्यांत गेली. विद्यापीठाच्या अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं ‘धारूर-६’ दिली. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही.

मोसंबीचा विषय निघालाच तर तिचंही नाव परदेशी, आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलेलं. चारठाण्याहून जालन्याकडं निघालं की मोसंबीचा मुलूख लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात तिथं शेतकऱ्यांनी टँकरचं विकत पाणी घालून बागा जगवायचा प्रयत्न केला. ज्यांना जमलं नाही त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडली. मी त्या उन्हाळ्यात एसटीनं त्या रस्त्यानं गेलो होतो. वाळलेल्या खोडांच्या मोळ्या बांधावर रचून ठेवलेल्या होत्या. आणि त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात, टेकाडावरची रानटी सीताफळं पानं गाळून नेहमीसारखी उभी होती. जून उजाडला की फुटणारी.

म्हणून बागांचं कौतुक करतानाही माझा जीव डोंगरात अडकतो. बागेचं फळ मोठं आहे, देखणं आहे, शेतकऱ्याच्या हातात पैसा घालतं. त्याला नावं ठेवणारा मी कोण? मुंबईत हाजी अलीच्या ज्यूस सेंटरमध्ये सीताफळ क्रीम खायला रांगा लागतात, गावोगावच्या हॉटेलांत सीताफळ रबडी मिळते, त्या गराला बागेचाच माल लागतो. गर काढून तो गोठवायचा, कारण तापवला की कडू होतो. हे सगळं रानटी फळाच्या आवाक्यातलं नाही. पण बालानगर असो की धारूर-६, या जाती आल्या कुठून? कुठल्यातरी टेकाडावर बीपासून उगवलेल्या हजार झाडांत एक वेगळं निघालं आणि कुणाच्या तरी ते लक्षात आलं. बीपासून आलेलं प्रत्येक झाड थोडं निराळं असतं. याडीला ती निराळी झाडं ठाऊक असत. हे नाल्याजवळचं, याचा गर रवाळ. हे कपारीतलं, याला बी कमी. आता टेकाडं मुरमासाठी पोखरली जातायत, गायरानं आक्रसतायत. तांड्यावरच्या तरण्या बाया ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या निघण्याचे दिवस नेमके सीताफळाच्या हंगामाला लागून येतात. झाड आहे, पण त्याला ओळखणारा माणूस त्या वेळी डोंगरावर नाही. कब्रस्तानाला आता भिंत झाली, आत फरशी बसली. चार-सहा झाडं उरली आहेत, हर्रास कधीच बंद पडला.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीच्या आधी मी गावाकडं निघालो होतो. वाटेत रस्त्याच्या कडेला एक पंधरा-सोळा वर्षांची पोर प्लॅस्टिकचे क्रेट मांडून बसली होती. एका क्रेटमध्ये बागेची चकचकीत फळं, दुसऱ्यात डोंगरची, बारकी, काळसर. बागेची किलोवर, इलेक्ट्रॉनिक काट्यानं. मी डोंगरची विचारली. म्हणाली, “ही आजीनं आणलीत. कुणी घेत न्हाई, पर ती आणतेच.” मी शेकडा काय भाव म्हणून विचारलं, तर ती हसली. शेकडा म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.

मी खाली बसलो आणि एकेक फळ उजेडात धरून बघू लागलो. एकाचे डोळे अर्धवट उघडले होते. सवयीनं अंगठ्यानं दाबलं.

“काका, दाबू नका, डाग पडतो,” ती म्हणाली. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, नुसतं तळव्यावर फिरवलं आणि परत दिलं. “हे उद्या सांजच्याला खा. आज न्हाई.”

बारा फळं घेतली. पैसे दिल्यावर तिनं वर एक ठेवलं, मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हातात घेऊन बघितलं. कडकच होतं. दुपारीही कडक. संध्याकाळी दिवे लागल्यावर बोट लावलं तर आपोआप दोन भाग झाले.